बॅटिंग टीमचाच अंपायर: टेक्सासच्या केन पॅक्स्टन प्रकरणातले कागद

गल्ली क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला माहितीये की तिथे अंपायर बॅटिंग टीमचाच असतो, कारण बाकीचे सगळे फिल्डिंगला, आणि मग एलबीडब्ल्यू नावाचा प्रकार त्या मॅचमध्ये जन्मालाच येत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांचं प्रकरण मी बरेच दिवस वाचत होतो आणि दर वेळी तेच डोक्यात यायचं. बातम्यांमध्ये या प्रकरणाचा गाजावाजा झाला तो लाच, बिल्डर, विवाहबाह्य संबंध, किचनमधला ग्रॅनाइट ओटा असल्या मसालेदार गोष्टींमुळे. पण माझ्या मते यातला खरा मुद्दा रुक्ष आहे, तो म्हणजे सरकारी कागद लोकांना दाखवायचा की नाही हे ठरवणारा माणूस, आणि त्याचेच कागद मागितले की काय होतं.

आधी पद समजून घेऊ, कारण आपल्याकडे महाधिवक्ता म्हटलं की राज्यपालांनी नेमलेला, हायकोर्टात सरकारची बाजू मांडणारा वकील डोळ्यासमोर येतो. टेक्सासचा अ‍ॅटर्नी जनरल, थोडक्यात एजी, निवडून येतो, पक्षाच्या तिकिटावर, प्रचार करून, देणग्या गोळा करून. बाहेरच्या बातम्यांत त्याला राज्याचा सर्वोच्च सरकारी वकील म्हणतात ते तसं अर्धंच खरं आहे, कारण तिथे खून-दरोड्याचे खटले चालवतात ते प्रत्येक काउंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे) निवडून आलेले डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, एजीचं काम मुख्यतः दिवाणी, सरकारचा वकील म्हणून. पॅक्स्टन रिपब्लिकन, जानेवारी २०१५ पासून या खुर्चीत. खुर्चीत बसून वर्ष व्हायच्या आत, जुलै २०१५ मध्ये, त्यांच्यावर शेअर फसवणुकीचे आरोप ठेवले गेले आणि ती केस इतकी रखडली (वकिलांची फी कोणी द्यायची, खटला कुठल्या काउंटीत चालवायचा, यातच वर्षं गेली) की २०२४ च्या मार्चमध्ये शंभर तास समाजसेवा आणि साधारण २ लाख ७१ हजार डॉलर भरपाई अशा समझोत्यावर ती मिटली, गुन्हा कबूल न करता. तारीख पे तारीख ही काही फक्त आपली मक्तेदारी नाही.

आता कायदा. टेक्सासचा माहितीचा कायदा १९७३ चा आहे, म्हणजे आपल्या २००५ च्या आरटीआयच्या ३२ वर्षं आधीचा, आणि तोही एका घोटाळ्यातूनच आला. शार्पस्टाउन नावाचं शेअर आणि बँक कर्जाचं लफडं १९७१ मध्ये बाहेर आलं, त्यात विधानसभेच्या स्पीकरपर्यंत लोक अडकले, लोक चिडले, पुढच्या निवडणुकीत जुने चेहरे घरी गेले आणि नव्या आलेल्यांनी पारदर्शकतेचे कायदे केले. या कायद्यात एक गोष्ट अशी आहे जी आपल्याकडे नाही. आपल्याकडे अर्ज टाकला, दहा रुपयाचं तिकीट लावलं, तीस दिवस वाट बघितली, नकार आला की त्याच ऑफिसातल्या वरच्या साहेबाकडे पहिलं अपील, मग माहिती आयोग. टेक्सासमध्ये एखाद्या खात्याला कागद द्यायचा नसेल तर ते खातं स्वतःच्या मनाने सरळ नाही म्हणू शकत नाही, बहुतेक वेळा त्यालाच एजीकडे जावं लागतं, कामकाजाच्या १० दिवसांत, की बघा हे कागद, बघा ही कारणं, आम्हाला हे लपवायची परवानगी द्या. एजीच्या ऑफिसात ओपन रेकॉर्ड्स डिव्हिजन आहे, तिथले वकील तो कागद वाचतात आणि कामकाजाच्या ४५ दिवसांत निकाल देतात, द्या किंवा देऊ नका. पोलीस खातं असो, नगरपालिका असो, शाळा असो, सगळे तिथेच रांगेत. वर्षाला असे हजारोंनी निकाल निघतात.

मला ही पद्धत खरं सांगायचं तर आवडली. मी एकदा एका सरकारी ऑफिसात रस्त्याच्या कामाच्या बिलांसाठी अर्ज टाकला होता, तीस दिवसांनी उत्तर आलं की माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, अपील केलं तर अपील ऐकणारे साहेब त्याच मजल्यावर, त्याच पॅसेजमध्ये, मधे फक्त एक पाण्याचा कूलर. तेव्हा टेक्सासची ही भानगड वाचून वाटलं की निदान नकार देणाऱ्याला आधी बाहेरच्या कोणाला तरी कारण द्यावं लागतंय. पण एक गोष्ट लक्षात ठेवायची. लपवायचा की दाखवायचा हे ठरवण्यासाठी एजीच्या लोकांना तो कागद पूर्ण, काळं न फासलेला, बघावा लागतो. म्हणजे राज्यातल्या सगळ्या खात्यांची झाकली मूठ या एका ऑफिसातल्या टेबलांवर उघडी पडलेली असते. मुठीची किंमत इथे सव्वा लाखापेक्षा बरीच जास्त असू शकते.

आता बिल्डर. नेट पॉल, ऑस्टिनमधला तरुण रिअल इस्टेटवाला, वर्ल्ड क्लास नावाच्या कंपन्यांचा मालक, २०१८ मध्ये पॅक्स्टनना २५ हजार डॉलरची देणगी दिलेला. ऑगस्ट २०१९ मध्ये एफबीआयने आणि त्यांच्यासोबत राज्याच्या यंत्रणांनी त्याच्या घरावर आणि ऑफिसांवर धाड टाकली. पॉलचं म्हणणं धाड बेकायदेशीर होती, वॉरंटमध्ये गडबड केली. ज्याच्यावर धाड पडलीय त्याला सगळ्यात जास्त काय हवं असणार? तपास करणाऱ्यांकडे काय आहे ते. मग त्याच्या बाजूच्या वकिलांनी माहितीच्या कायद्याखाली अर्ज टाकले, त्यातला महत्त्वाचा अर्ज राज्याच्या पोलीस खात्याकडे, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीकडे. पोलीस खात्याने नेहमीप्रमाणे एजीकडे धाव घेतली की तपास चालू आहे, देता येणार नाही.

अशा केसमध्ये उत्तर जवळपास ठरलेलं असतं. चालू तपासाचे कागद रोखायची मुभा कायद्यातच आहे, ओपन रेकॉर्ड्समधला नवशिका वकीलसुद्धा डोळे मिटून निकाल लिहील. इथे मात्र, नंतर २०२३ मध्ये पॅक्स्टनसाहेबांवर चाललेल्या महाभियोगाच्या सुनावणीत त्यांच्याच माणसांनी शपथेवर सांगितलं त्यानुसार, पॅक्स्टन यांनी स्वतः या फाइलमध्ये लक्ष घातलं. हजारो फाइली येतात जातात, राज्याचा एजी एका फाइलीबद्दल स्वतः विचारतोय, हेच मुळात तिथल्या लोकांना विचित्र वाटलं. त्यांनी फाइल मागवून घेतली, काही दिवस स्वतःकडे ठेवली, आणि त्या फाइलमध्ये एफबीआयने पाठवलेलं टिपणसुद्धा होतं, काळ्या पट्ट्या न मारलेलं, जे अर्जदाराला कधीच दिसायला नको होतं. रायन व्हासर हे त्यांच्या हाताखालचे वरिष्ठ वकील, त्यांच्या साक्षीप्रमाणे साहेबांना या प्रकरणात पोलिसांना किंवा एफबीआयला मदत करायची नव्हती. शेवटी निकाल निघाला तो असा की आमचं यावर काही मत नाही. द्या असंही नाही, देऊ नका असंही नाही. जे ऑफिस फक्त मत देण्यासाठीच आहे त्याने मत नाही असं मत दिलं. नंतर आरोप झाला की एक जाड पिवळट लिफाफा पॅक्स्टन यांच्या सहायकाने नेऊन पॉलला दिला, आणि ड्र्यू विकर या त्या तरुण सहायकाने लिफाफा दिल्याचं साक्षीत सांगितलंही. लिफाफ्यात काय होतं ते मात्र त्याने बघितलं नव्हतं. तो लिफाफा आणि ती फाइल यांचा सांधा शेवटपर्यंत कोणी पक्का जोडून दाखवू शकलं नाही, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मीही पुराव्याशिवाय निकाल देतोय असं होईल.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो, त्या सगळीकडे मिळतील. कोविडमध्ये जप्तीच्या लिलावांबद्दल एक कायदेशीर मत एजी ऑफिसने शनिवार-रविवारी घाईघाईत काढलं, ते पॉलच्या प्रॉपर्ट्यांच्या लिलावाच्या तोंडावर कामाला आलं. एका धर्मादाय संस्थेचा पॉलच्या कंपन्यांशी वाद चालू होता त्यात एजी ऑफिस मधे पडलं. आणि मग कळस म्हणजे ब्रँडन कॅमॅक नावाचा ह्युस्टनचा तरुण वकील, तासाला ३०० डॉलरने नेमला, कशासाठी, तर पॉलची चौकशी करणाऱ्यांचीच चौकशी करायला. ऑफिसमधल्या वरिष्ठांनी सही करायला नकार दिला, मग करारावर सही साहेबांची. या पोराने ग्रँड ज्युरीची (खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाची) ३९ समन्सं मिळवली, त्यातलं एक बँकेत पोचलं, आणि बँकेकडून एजी ऑफिसमध्ये विचारणा झाली की हा कोण तुमचा माणूस? तेव्हा कुठे तिथल्या वरिष्ठांना आपल्याच ऑफिसच्या नावावर काय चाललंय ते कळलं.

३० सप्टेंबर २०२० ला पॅक्स्टनचे वरिष्ठ अधिकारी एफबीआयकडे गेले. एकूण आठ जणांनी तक्रार केली. हे लोक काही डेमोक्रॅट वगैरे नव्हते, पक्के रिपब्लिकन, त्यातला जेफ मटीर तर नंबर दोनचा अधिकारी, साहेबांनीच नेमलेली टीम. नोव्हेंबरपर्यंत आठपैकी एकही ऑफिसात राहिला नाही, काहींनी राजीनामा दिला, काहींना काढलं. चौघांनी, म्हणजे ब्लेक ब्रिकमन, डेव्हिड मॅक्सवेल, मार्क पेनली आणि व्हासर यांनी, व्हिसलब्लोअर कायद्याखाली, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, दावा ठोकला. पॅक्स्टनच्या वकिलांचा बचाव ऐकण्यासारखा होता, की हा कायदा सरकारी कर्मचाऱ्याच्या विरोधात केलेल्या तक्रारीला संरक्षण देतो, आणि आमचे साहेब कर्मचारी नाहीत, निवडून आलेले आहेत. अपील कोर्टाने २०२१ मध्ये हे फेटाळलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एजी ऑफिसने स्वतःच्याच चौकशीचा अहवाल काढला. ३७४ पानं. निष्कर्ष असा की साहेबांनी काहीही चूक केलेली नाही. त्यावर लेखकाचं नाव नाही. सहीसुद्धा नाही. मी सरकारी नोकरीत कधी नव्हतो पण माझे वडील होते आणि आमच्या घरात एक वाक्य कायम ऐकलंय, सहीशिवाय कागद म्हणजे रद्दी. ३७४ पानांची निर्दोष असल्याची रद्दी, आणि ती सुद्धा लोकांच्या पैशाने.

आता येतो तो भाग ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. ६ जानेवारी २०२१, वॉशिंग्टनमध्ये ट्रम्प यांची सभा, ज्यानंतर जमाव कॅपिटलमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेच्या इमारतीत, घुसला. त्या सभेत पॅक्स्टन बोलले होते. महिनाभर आधी त्यांनीच दुसऱ्या चार राज्यांचे निवडणूक निकाल रद्द करा म्हणून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात दावा केला होता, तो चार दिवसांत उडाला. साहजिकच टेक्सासच्या पेपरवाल्यांनी माहितीच्या कायद्याखाली विचारलं, की या ट्रिपबद्दल तुमचे ईमेल, मेसेज द्या, कोणी बोलावलं, कोणी पैसे दिले. उत्तर आलं की ते वकील आणि अशील यांच्यातलं गोपनीय बोलणं आहे, देता येणार नाही. शेकडो पानं अशी अडवली गेली. अर्ज कोणाकडे? एजीकडे. नकार कोणाचा? एजीचा. आणि नकार बरोबर की चूक हे ठरवणारं ओपन रेकॉर्ड्स डिव्हिजन कोणाचं? झालं, आली आपली गल्ली.

गोपनीयतेचा बचाव सरसकट खोटा आहे असं मी म्हणत नाही हां. एजी खरंच वकील आहे, सरकार खरंच त्याचं अशील आहे, केसच्या स्ट्रॅटेजीचे ईमेल पेपरात छापून आले तर उद्या कुठलंच खातं त्याला मोकळेपणाने काही विचारणार नाही. प्रश्न असा आहे की राजकीय सभेला जाऊन भाषण करणं हे वकिलीचं काम कधीपासून झालं, आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे हे मी कोणाला विचारू? इतर कुठल्याही खात्याने हा दावा केला असता तर एजीच्या वकिलांनी विचारलं असतं, की यात अशील कोण, सल्ला कुठला, दाखवा. इथे विचारणारा आणि सांगणारा एकाच पगारपत्रकावर.

कायद्यात एक चोरवाट, म्हणजे चांगल्या अर्थाने, ठेवलेली आहे. राज्याच्या खात्याविरुद्ध तक्रार ट्रॅव्हिस काउंटीच्या डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीकडे करता येते, कारण राजधानी ऑस्टिन त्या काउंटीत आहे. जानेवारी २०२२ मध्ये पाच मोठ्या पेपरांच्या संपादकांनी एकत्र येऊन ती केली. एरवी एकमेकांच्या बातम्या पळवणारे पाच पेपर एका कागदावर सह्या करतात म्हणजे किती वैतागले असतील बघा. दहा दिवसांच्या आत डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीच्या (डीएच्या) ऑफिसने पत्र काढलं की पॅक्स्टन यांनी माहितीचा कायदा मोडलाय, चार दिवसांत दुरुस्त करा नाहीतर कोर्टात जाऊ. एजी ऑफिसचं उत्तर, आम्ही काहीही मोडलेलं नाही. आणि यात परत राजकारण आहेच, कारण तिथले डीए होजे गार्झा हे डेमोक्रॅट, पॅक्स्टन रिपब्लिकन, म्हणून पत्र आलं त्याच क्षणी अर्ध्या टेक्साससाठी ते कायद्याचं पत्र राहिलं नाही, विरोधी पक्षाचं पत्र झालं. निवडून आलेल्या अंपायरविरुद्ध निवडून आलेला थर्ड अंपायर.

मग महाभियोग, आणि तो कशामुळे आला हे मजेशीर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पॅक्स्टनने त्या चार जणांशी ३३ लाख डॉलरवर तडजोड केली, तेव्हाच्या भावाने साधारण २७ कोटी रुपये. करारात त्यांना बंडखोर कर्मचारी म्हटल्याबद्दल माफीसुद्धा होती. फक्त पैसे साहेब देणार नव्हते, राज्याच्या तिजोरीतून हवे होते, आणि तिजोरीची किल्ली विधिमंडळाकडे. हाउसचे, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाचे, स्पीकर डेड फीलन, रिपब्लिकनच, म्हणाले की लोकांच्या पैशाचा हा योग्य वापर मला वाटत नाही. हाउसच्या चौकशी समितीने मग विचारलं की देण्याआधी बघू तरी कशाचे देतोय. म्हणजे इतकी वर्षं पेपरवाले, वकील, विरोधक ज्या फाइली उघडायला धडपडत होते त्या उघडल्या कशाने तर त्या ३३ लाखांच्या बिलाने. साहेबांनी ते बिल पुढे केलं नसतं तर महाभियोग आला नसता, हे समितीने स्वतःच लिहून ठेवलंय. आपल्याकडेही ऑडिटवाल्याला विचारा, मोठमोठी प्रकरणं प्रवासभत्त्याच्या बिलातून निघतात.

समितीचं काम मार्चपासून चाललं, कोड नाव मॅटर ए. कोणालाही पत्ता नव्हता. २३ मे २०२३ ला पॅक्स्टननी जाहीर मागणी केली की स्पीकर दारू पिऊन सभागृह चालवत होते, राजीनामा द्या, आणि त्याच दिवशी समितीने सांगितलं की आम्ही पॅक्स्टन यांची चौकशी करतोय. दुसऱ्या दिवशी जाहीर सुनावणी, त्याच्या दुसऱ्या दिवशी २० आरोपांची शिफारस, २७ मे ला मतदान, १२१ विरुद्ध २३. त्या १२१ मध्ये ६० रिपब्लिकन होते. टेक्सासच्या इतिहासात त्याआधी मोजकेच महाभियोग झाले होते, जसे १९१७ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन आणि १९७५ मध्ये एक न्यायाधीश. तिसऱ्या कलमात माहिती कायद्याच्या प्रक्रियेचा गैरवापर होता, चौथ्यात सरकारी माहितीचा गैरवापर, म्हणजे तीच ती पोलीस खात्याची फाइल. टीव्हीवर मात्र ग्रॅनाइट ओटा जास्त चालला, कारण फाइलीचे फोटो काय दाखवणार.

इथे पॅक्स्टनच्या बाजूने एक गोष्ट म्हणायलाच हवी आणि त्यांच्या विरोधकांना ती आवडत नाही. पारदर्शकतेच्या नावाने चाललेली ही चौकशी स्वतः किती पारदर्शक होती? दोन महिने बंद दाराआड, साक्षीदारांचे जबाब शपथेशिवाय, आरोपीला एकदाही बोलावलं नाही, आणि आमदारांना वाचायला मिळाले जेमतेम दोन दिवस, तेही मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला. बचावाच्या वकिलांनी, विशेषतः टोनी बझबी यांनी, यावर भरपूर झोडपलं आणि त्यात दम होता. ज्याच्यावर ‘मत नाही’ असा निकाल देऊन पळवाट काढल्याचा आरोप आहे त्याला तुम्ही घाईत बाद देता तेव्हा प्रेक्षक गोंधळणारच.

सप्टेंबरमध्ये राज्याच्या सेनेटमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, खटला चालला. न्यायाधीशाच्या खुर्चीत लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे सेनेटचे अध्यक्ष, डॅन पॅट्रिक. खटल्याआधी जूनमध्ये पॅट्रिक यांना पॅक्स्टन समर्थक गटाकडून ३० लाख डॉलर मिळाले होते, १० लाख देणगी आणि २० लाख कर्ज, आणि हे कळलं कसं, तर देणग्यांचा हिशोब जाहीर करायचा कायदा आहे म्हणून. बेकायदेशीर काहीही नाही. सगळं उघड, सगळं वेबसाइटवर. ज्युरी म्हणजे सेनेटर, त्यातल्या एक अँजेला पॅक्स्टन, आरोपीच्या पत्नी, त्यांना मतदानाला मनाई पण हजर राहणं सक्तीचं. म्हणजे नवऱ्याच्या कथित मैत्रिणीबद्दलच्या साक्षी त्यांनी त्याच हॉलमध्ये बसून ऐकल्या. आरोप होता की ज्या बाईशी संबंध होते तिला नेट पॉलने नोकरी दिली, आणि साहेब उबरमध्ये डेव्ह पी या नावाने फिरायचे. ओट्याचं म्हणाल तर आरोप होता की पॅक्स्टनच्या घराच्या कामाचा खर्च पॉलने केला, सहायकाच्या साक्षीप्रमाणे घराचं काम करणारा कंत्राटदार म्हणाला होता की नेटला विचारावं लागेल, आणि बचावाने किचनचे फोटो दाखवले की ओटा बदललेलाच नाही. जेफ लीच हे पॅक्स्टनच्याच भागातले आमदार, जुने मित्र, त्यांनी शेवटच्या दिवशी मित्राविरुद्ध उभं राहून भाषण केलं, ते बघताना त्यांचा आवाज जड झालेला कळतो.

१६ सप्टेंबरला निकाल. दोषी ठरवायला २१ मतं हवी होती, कुठल्याही आरोपाला १४ च्या वर गेली नाहीत. रिपब्लिकनांपैकी फक्त दोघं, केली हॅन्कॉक आणि रॉबर्ट निकोल्स, काही आरोपांवर दोषी म्हणाले. पॅक्स्टन निर्दोष सुटले, माहिती कायद्याच्या कलमांवरसुद्धा, आणि परत खुर्चीत. पॅट्रिक यांनी न्यायाधीशाच्याच खुर्चीवरून हाउसवर टीका केली आणि महाभियोगावर किती सरकारी पैसा गेला त्याचं ऑडिट मागितलं. बघा, शेवटी परत बिलच.

पण चौघांचा दावा तसाच लटकला होता, कारण ३३ लाख कोणी दिलेच नाहीत. त्यांनी मागणी केली की आता पॅक्स्टनना शपथेवर प्रश्न विचारू द्या. तारीखसुद्धा पडली होती. जानेवारी २०२४ मध्ये एजी ऑफिसने कोर्टाला सांगितलं की आम्ही आरोपांचा प्रतिवादच करत नाही, जो काय निकाल द्याल तो मान्य, हा खर्चिक वाद संपवा. म्हणजे केस हरायला तयार, बोलायला तयार नाही. टेक्सास सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं, की मुद्देच मान्य आहेत तर साक्ष कशाला. कायद्याच्या दृष्टीने बरोबरही असेल. पण हरल्याची किंमत राज्य देणार आणि न बोलल्याचा फायदा एका माणसाला, हे गणित मला काही केल्या पचत नाही. एप्रिल २०२५ मध्ये ट्रॅव्हिस काउंटीच्या न्यायाधीशांनी चौघांना मिळून ६६ लाख डॉलर देण्याचा निकाल दिला, म्हणजे तडजोडीच्या बरोबर दुप्पट. फेडरल, म्हणजे केंद्राच्या बाजूला, बायडन सरकारच्या शेवटच्या आठवड्यांत जस्टिस डिपार्टमेंटने, म्हणजे केंद्राच्या न्याय खात्याने, पॅक्स्टनवर खटला न भरायचं ठरवलं होतं, आणि हा निर्णयही गुपचूपच झाला, कळला एप्रिलमध्ये बातमी फुटली तेव्हा. नेट पॉलने जानेवारी २०२५ मध्ये कर्ज घेताना खोटी माहिती दिल्याच्या एका गुन्ह्याची कबुली दिली, त्याचा पॅक्स्टनशी संबंध नाही.

राजकीय हिशोब कोणाचा चुकला म्हणाल तर दुसऱ्यांचाच. समितीचे अध्यक्ष अँड्र्यू मर परत निवडणुकीला उभे राहिले नाहीत, स्पीकर फीलन २०२४ मध्ये स्वतःच्या मतदारसंघात कसेबसे वाचले आणि मग स्पीकरपदाच्या शर्यतीतून बाहेर पडले. पॅक्स्टन यांनी एप्रिल २०२५ मध्ये थेट अमेरिकन सेनेटसाठी उमेदवारी जाहीर केली. त्यांचं घर कॉलिन काउंटीत, म्हणजे प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनीचा पट्टा, जिथे आपल्याकडच्या आयटीवाल्यांची इतकी गर्दी आहे की गणपतीत ढोल-ताशाला पोरं कमी पडत नाहीत. तिथल्या एका मित्राला मी विचारलं की तुमच्याकडे या प्रकरणाची चर्चा होते का, तर म्हणाला, प्रॉपर्टी टॅक्सची होते.

आणि एक कागद राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एजी ऑफिसची माणसं एल पासोमधल्या अनन्सिएशन हाउस या कॅथलिक निवारा संस्थेच्या दारात गेली, स्थलांतरितांना तुम्ही कसा आसरा देता त्याचे रेकॉर्ड दाखवा म्हणून. संस्थेने कोर्टात धाव घेतली, खालच्या कोर्टात जिंकली, पुढे टेक्सास सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये पॅक्स्टन यांच्या बाजूने कौल दिला, म्हणजे असे कागद मागायचा त्यांना अधिकार आहे. कागद द्यायला संस्थेला मुदत किती दिली होती? एक दिवस.